पदकसदृश वस्तू, एक नग

खंडीय क्रीडास्पर्धांमध्ये देशानं आजवर बावीस पदकं मिळवली होती. सभागृहात मंत्रिमहोदयांनी ती तेवीस असल्याचं सांगितलं. त्यामुळे एक पदक कमी पडलं.

मंत्रिमहोदयांच्या हातातल्या चिठ्ठीवर बावीसच लिहिलेलं होतं, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. पण समोरच्या बाकांवरून कोणीतरी "एवढीच?" असं ओरडलं आणि मंत्र्यांच्या तोंडून भरात तेवीस निघून गेलं. लगेच बाकं वाजली. एकदा बाकं वाजली की आकडा मागे घेता येत नाही. घ्यायचा झाला तर वाजलेली बाकंही मागे घ्यावी लागतात, आणि तशी सोय नियमांत नाही.

ती चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ क्रीडा संचालनालयाच्या अभिलेख कक्षाचे प्रमुख होते. कक्षात दुसरं कोणीच नसल्यामुळे तिथले सर्वांत कनिष्ठ कर्मचारीही तेच. त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात होतं. कार्यालयात सगळे त्यांना तंतोतंत म्हणायचे. "साधारण किती होतील हो?" असं कोणी विचारलं की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "साधारण कशाला? तंतोतंत सांगतो." आणि सांगत. पंचवीस वर्षांत त्यांचा एकही आकडा चुकला नव्हता, आणि म्हणूनच त्यांना एकदाही बढती मिळाली नव्हती, कारण ते गेले तर त्या लोखंडी कपाटांतलं काय कुठे आहे हे कोणाला ठाऊक होतं?

सभागृहातल्या उत्तराच्या दुसऱ्या दिवशी उपसंचालकांनी त्यांना बोलावून घेतलं.

"अहो तंतोतंत, एक पदक कमी आहे."

"कमी नाही साहेब. बावीस आहेत. एक जास्त सांगितलं गेलंय."

उपसंचालकांनी उठून केबिनचं दार लावलं. "सभागृहात सांगितलेली संख्या चुकीची असू शकत नाही. चुकीची असेल ती नोंद. सहा आठवड्यांनी पथक स्पर्धेला निघतंय, त्याआधी पदकांच्या इतिहासाची पुस्तिका मंत्र्यांच्या हस्ते प्रकाशित व्हायची आहे. तिच्यात तेवीस पदकं हवीत. पदक शोधा."

"आणि नसेलच तर?"

"नीट शोधलं नाही असा त्याचा अर्थ होईल."

त्याच दिवशी सर्व शाखांना परिपत्रक गेलं : 'आपल्या शाखेत खंडीय क्रीडास्पर्धांतील पदक शिल्लक असल्यास तात्काळ कळवावे. निरंक असल्यास निरंक कळवावे.' आठवड्याभरात उत्तरं आली. भांडार शाखेनं एक कान तुटलेला चषक आणि अकरा विनातारांच्या रॅकेटी कळवल्या. आस्थापना शाखेनं 'या शाखेस पदकाची आवश्यकता नाही' असं लिहिलं. प्रशिक्षण शाखेनं जास्त डोकं चालवलं होतं. त्यांचं म्हणणं, नवव्या स्पर्धेत सांघिक पदक मिळालं त्या सामन्याला मध्यंतर झालं होतं, म्हणजे वस्तुतः दोन सामने झाले, सबब ते पदक दोन धरावं. उपसंचालकांना हा विचार पटला होता. पण मग मध्यंतर झालेली बाकीची पदकंही दुप्पट होऊन एकूण एकतीस होत होती, आणि आठ पदकं जास्त होणं हे एक कमी पडण्याइतकंच वाईट.

तंतोतंत एकेक गठ्ठा सोडत बसले. धुळीनं नाक चोंदलं, बोटांची टोकं काळी पडली. घरी बायको म्हणाली, "नसलेली वस्तू शोधायला पाठवलंय तुम्हाला. सापडेपर्यंत घरी तरी या वेळेवर." पण त्यांना स्वतःलाच चैन नव्हतं. बावीस हा आकडा त्यांनी स्वतः जुळवला होता, आणि तो बरोबरच आहे हे सिद्ध करण्यासाठी तरी प्रत्येक कागद पाहणं भाग होतं.

पंधराव्या दिवशी 'गहाळ सामान' या गठ्ठ्यात त्यांना एक ज्ञापन मिळालं. अडतीस वर्षांपूर्वीचं, चौथ्या स्पर्धेचं. 'सदर सामान-देखरेख मदतनीस (महिला, हंगामी) ही दुपारी ३.१० ते ४.२५ या वेळेत पथकप्रमुखांची तपकिरी सुटकेस वाऱ्यावर सोडून मैदानात भाला फेकत असताना आढळून आली. सुटकेस गहाळ. विचारणा केली असता सदर कर्मचाऱ्याच्या गळ्यात पदकसदृश वस्तू होती. तरी कर्तव्यात कसूर केल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा.'

तंतोतंतांनी ते तीनदा वाचलं. मग उठून कपाटाच्या वरच्या कप्प्यातून यजमान देशानं छापलेलं निकालांचं जाड पुस्तक काढलं. ते परक्या भाषेत होतं, म्हणून अडतीस वर्षं कोणी उघडलं नव्हतं. पण आकडे सगळ्या भाषांत सारखेच असतात, आणि झेंडेही. महिला भालाफेक. तिसरा क्रमांक. एक्केचाळीस मीटर साठ. समोर आपला झेंडा, आणि ज्ञापनावर होतं तेच नाव.

त्यांचा आकडा चुकला होता. तेवीसच बरोबर होतं.

मंत्र्यांचं बरोबर निघावं याचं त्यांना दुःख झालं. पण ते क्षणभरच. मग त्यांनी टोपी घातली, ज्ञापनावरचा पत्ता वहीत उतरवला, आणि नोकरीत पहिल्यांदाच कार्यालयीन वेळेत कार्यालयाबाहेर पडले.

पत्ता कापडबाजाराच्या मागच्या गल्लीतला होता. तिथे इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन पायऱ्या, एक फळी आणि मागे राहायची खोली. फळीमागे साठीच्या पुढची एक बाई उभी राहून इस्त्री फिरवत होती. डावा खांदा साधा, उजवा मात्र चांगलाच भरलेला.

"द्यायचेत की न्यायचेत?" तिनं मान वर न करताच विचारलं.

"कपडे नाहीत. मी क्रीडा संचालनालयातून आलोय."

बाईनं इस्त्री उभी ठेवली आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "सुटकेस सापडली का?"

"नाही."

"मग मला नाही हो माहीत कुठं गेली ती. तेव्हाही हेच सांगितलं होतं. अजून किती वर्षं विचारणार आहात?"

"सुटकेसचं नाही," तंतोतंत घाईनं म्हणाले. "पदकाचं विचारायला आलोय."

बाईनं त्यांना बसायला स्टूल पुढे केलं आणि आत सुनेला चहा टाकायला सांगितलं. गल्लीत सगळे तिला मावशी म्हणत होते. चहा येईपर्यंत तंतोतंतही म्हणू लागले.

"निवड चाचणीत माझा भाला सगळ्यात लांब गेला होता," मावशी म्हणाली. "नावही पाठवलं तिकडे. मग जायच्या आठ दिवस आधी पथकाच्या जागा भरल्या. चाळीस जागा. त्यात एकोणतीस अधिकारी. पथकप्रमुखांचा मेहुणा हवामान निरीक्षक म्हणून आला होता. स्पर्धा बंद सभागृहात होत्या निम्म्या, तरी. मग माझी जागा गेली. प्रशिक्षक म्हणाले, रडू नकोस, सामान उचलायला एक जागा आहे, तीवर चल. मैदान तरी बघशील."

"आणि भाला?"

"माझं नाव तिकडच्यांनी खोडलंच नव्हतं ना! त्यांना कोण कळवणार, सगळे बाजारहाटाला गेले होते. मी आपली प्रमुखसाहेबांची सुटकेस घेऊन कुंपणापाशी उभी. कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी सुटकेस खाली ठेवली आणि गेले आत. भालापण नव्हता माझ्याकडे. दुसऱ्या देशाच्या एका पोरीनं दिला उसना. तिचा पाचवा नंबर आला, बिचारीचा."

"पण मग परत आल्यावर अहवालात...?"

"अहवाल तर निघायच्या आधीच टंकून ठेवलेला. 'पथक रिक्त हस्ते परतले, तथापि अनुभवाची शिदोरी घेऊन.' छत्तीस प्रती काढल्या होत्या. आता एका बाईपायी छत्तीस प्रती कोण बदलणार?"

हे सगळं तिनं शर्टाच्या कॉलरबद्दल सांगावं तसं सांगितलं. फळीखालून तिनं एक डबा काढला. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची तुटलेली बटणं ती त्यात जमवायची. बटणांतून हात फिरवून तिनं पदक बाहेर काढलं. ते काळं पडलं होतं, पण मागचं वर्ष आणि स्पर्धेचा क्रमांक स्पष्ट वाचता येत होता.

तेवढ्यात शाळेतून नात आली. आठ-नऊ वर्षांची, एका वेणीची रिबीन सुटलेली. पाहुणा कोण ते कळताच तिनं दप्तरातून निबंधाची वही काढून तंतोतंतांच्या मांडीवर उघडून ठेवली. निबंधाचं नाव 'माझी आजी' होतं. खाली लाल शाईत शेरा होता : 'कल्पनाशक्ती उत्तम. परंतु निबंधात खरे लिहावे. चार गुण वजा.'

"काका, तुमच्या पुस्तकात असतं ते खरं असतं ना?"

"तंतोतंत," तंतोतंत म्हणाले.

"मग आजीचं नाव येणार त्यात?"

आयुष्यात त्यांनी कोणालाही कुठल्याही गोष्टीचा शब्द दिला नव्हता. नियमांत बसत नाही म्हणून. त्या दिवशी मात्र समोरच्या पोरीची सुटलेली रिबीन पाहून म्हणा किंवा चहा बरा झाला होता म्हणून म्हणा, ते म्हणाले, "येईल. माझा शब्द आहे."

पडताळणीसाठी मूळ पदक न्यावं लागणार होतं. मावशीनं ते इस्त्रीच्या फडक्यात गुंडाळून दिलं. तंतोतंतांनी रीतसर पावती लिहिली : 'पदकसदृश वस्तू, एक नग.'

मावशीनं पावती उजेडात धरून वाचली. "सदृश का?"

"पडताळणी होईपर्यंत सदृश. झाली की सदृश गळतं."

"अडतीस वर्षांत गळलं नाही ते," मावशी म्हणाली. पण तिनं पावतीची घडी घालून ब्लाउजात ठेवली आणि त्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, कपडे देताना, पुस्तिकेबद्दल सांगितलं. सुनेनं शेजारीपाजारी सांगितलं. नातीनं वर्गात सांगितलं.

संचालनालयात पदकाचं स्वागत झालं. सराफानं ते कांस्य असल्याचं लिहून दिलं, निकालपुस्तकाचा उतारा जोडला गेला, उपसंचालकांनी तंतोतंतांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! तेवीस झाली. आता विजेत्याच्या रकान्यात नाव काय घालायचं?"

तंतोतंतांनी नाव सांगितलं. उपसंचालकांनी चौथ्या पथकाची यादी पुढे ओढली आणि वरून खाली बोट फिरवलं.

"खेळाडूंच्या यादीत हे नाव नाही."

"नाही साहेब. त्या सामान-देखरेख मदतनीस होत्या."

"मदतनीसाला पदक कसं मिळेल? पदक खेळाडूला मिळतं. मदतनीसाला दिलं असं छापलं, तर बाकीचे एकोणतीस अधिकारी काय करत होते असं उद्या कोणीतरी विचारेल."

"पण पदक त्यांनीच मिळवलंय."

"पदकाबद्दल वाद नाही. पदक ग्राह्य. बाई अग्राह्य." उपसंचालकांनी पथकांची नियमावली उघडली. कलम सतरा : 'परदेश दौऱ्यात पथकातील कर्मचाऱ्यांस प्राप्त झालेली कोणतीही वस्तू पथकाच्या सामानाचा भाग समजण्यात येईल व सामान पथकप्रमुखांच्या ताब्यात असल्याचे मानण्यात येईल.' ते समाधानानं मागे रेलले. "झालं. पथकप्रमुखांचं नाव घाला. आहेत ना अजून ते?"

"आहेत. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. पण साहेब, क्रीडाप्रकार महिला भालाफेक आहे. पथकप्रमुख पुरुष आहेत."

"पथकप्रमुख हे पद आहे, तंतोतंत. पदाला लिंग नसतं."

"मी त्या बाईंना शब्द दिलाय, साहेब."

उपसंचालकांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "लेखी दिलाय का?"

"नाही."

"मग काळजी करू नका."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण फाइल हलली की फाइलीतलं सगळंच हलतं. पदक ग्राह्य धरल्यामुळे ज्ञापन ग्राह्य ठरलं. ज्ञापन ग्राह्य ठरल्यामुळे त्यातली सुटकेसही. अडतीस वर्षं प्रलंबित चौकशी पुन्हा सुरू झाली आणि मावशीला नोटीस गेली : पुस्तिकेच्या प्रकाशनाच्याच दिवशी, सकाळी अकरा वाजता, दुसऱ्या मजल्यावर हजर राहावे.

तंतोतंत आदल्या दिवशी दुकानात गेले. काय झालं ते त्यांनी सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, कलम सतराही वाचून दाखवलं. सून आतून बाहेर आली, ऐकून पुन्हा आत गेली आणि तिनं भांडी जोरात आपटली. मावशी इस्त्री फिरवत राहिली.

"म्हणजे पदक हवं होतं, मी नको होते," ती शेवटी म्हणाली.

"मला दोन्ही हवं होतं."

"तुम्ही कोण हो?" मावशीनं शर्टाची घडी घातली. "पोरीला काय सांगू? वर्गात सांगून बसलीय ती."

तंतोतंतांनी कलम सतराचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

चौकशी अधिकारी तरुण होता आणि सभ्य होता. त्यानं मावशीला खुर्ची दिली. तंतोतंत अभिलेख घेऊन कोपऱ्यात बसले होते.

"सदर दिवशी दुपारी तीन दहा ते चार पंचवीस तुम्ही काय करत होता?"

"भाला टाकत होते."

"किती वेळा?"

"सहा वेळा. चौथा चांगला गेला."

"किती?"

"एक्केचाळीस मीटर साठ."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. "आणि त्या वेळी सुटकेसपासून तुम्ही किती अंतरावर होता?"

मावशीनं प्रामाणिकपणे विचार केला. "असेन वीसेक मीटर."

"म्हणजे भाला सुटकेसपेक्षा लांब जात होता, हे तुम्हाला मान्य आहे."

"हो."

"पण तुमचं लक्ष भाल्याकडे होतं."

"तर काय सुटकेसकडे बघून टाकू?"

निकाल तिथल्या तिथे झाला. भालाफेक करण्याच्या उद्देशानं कर्तव्यात कसूर केल्याचं सिद्ध. वय पाहता सौम्य शिक्षा : सक्त ताकीद. 'यापुढे परदेश दौऱ्यात सामान सोडून कोणत्याही क्रीडाप्रकारात भाग घेऊ नये व पदक मिळवू नये.' मावशीनं सही केली. तंतोतंतांच्या मनात आलं की या बाईनं भाला फेकला, असं ठामपणे सांगणारे सरकारी कागद आता दोन झाले, आणि दोन्ही आरोपाचे.

खालच्या सभागृहात तोवर फुलांच्या माळा लागल्या होत्या. मावशी पायऱ्या उतरून सरळ आत गेली आणि मागच्या रांगेत बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी अडवलंही नाही. इस्त्री केलेलं कडक लुगडं पाहून तिला कोणाची तरी आई समजले असावेत.

मंत्र्यांनी पुस्तिका प्रकाशित केली. मग निवेदिका म्हणाली, "आता आपण सत्कार करणार आहोत महिला भालाफेकीतील कांस्यपदकविजेत्यांचा," आणि दोघांनी हाताला धरून एका ब्याऐंशी वर्षांच्या, पांढऱ्या भरघोस मिशांच्या गृहस्थांना मंचावर आणलं. सभागृहात चारशे माणसं होती. शिक्षक होते, पत्रकार होते, सोळा माजी खेळाडू होते. निवेदिका जे म्हणाली ते चारशेही जणांनी ऐकलं, मिशा चारशेही जणांनी पाहिल्या, आणि मग चारशेही जणांनी टाळ्या वाजवल्या.

माजी पथकप्रमुखांच्या गळ्यात ते पदक घालण्यात आलं. घासूनपुसून ते लखलखीत झालं होतं. ते बोलायला उभे राहिले. काय बोलायचं ते लिहून दिलेलं होतं : मातीतला सराव, घरच्यांचा विरोध, मुलगी असून मैदानात उतरण्याची जिद्द. अर्ध्यात त्यांनी कागदावरून मान वर केली आणि त्यांची नजर मागच्या रांगेवर स्थिरावली. म्हातारपणी काल काय जेवलो ते आठवत नाही, पण अडतीस वर्षांपूर्वीचं चरचरीत आठवतं.

"अगं," ते ध्वनिक्षेपकातून म्हणाले, "माझी सुटकेस?"

चारशे माना मागे वळल्या. मावशी उठून उभी राहिली.

"कुंपणापाशी ठेवली होती, साहेब. मला दोनच हात. एकात भाला होता, एकात तुमची अब्रू. सुटकेस तुम्ही उचलायची होती."

मंत्रिमहोदय मोठ्यानं हसले, त्यामुळे उपसंचालक हसले, त्यामुळे सभागृह हसलं आणि पुन्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आलं : 'पदकविजेते पथकप्रमुख आपल्या जुन्या सेविकेसोबत एका हलक्याफुलक्या क्षणी.'

पुस्तिका सर्व शाळांत आणि वाचनालयांत पाठवण्यात आली. महिनाभरात वाचकांची पत्रं येऊ लागली. एकूण तीनशे बारा. उपसंचालकांनी तंतोतंतांना पत्रं उघडून सारांश द्यायला सांगितलं. तंतोतंतांनी आशेनं एकेक पत्र उघडलं. सर्व पत्रांचा विषय एकच होता. पान एकोणीसवर 'विजेती' हा शब्द 'वीजेती' असा छापला गेला होता. वाचकांनी कळकळीनं लिहिलं होतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर भाषेची ही हेळसांड पाहून रात्री झोप लागली नसल्याचं कळवलं होतं. नातीच्या वर्गशिक्षिकेचंही पत्र होतं. 'वीजेती'च्या शेजारी कोणाचं नाव आहे, याबद्दल तीनशे बाराजणांपैकी कोणाचीच तक्रार नव्हती.

"शुद्धिपत्र काढा," उपसंचालक हुश्श करून म्हणाले.

शुद्धिपत्राचा मसुदा करण्याचं काम अर्थातच तंतोतंतांकडे आलं. त्यांनी तो घरी नेला, जेवणाच्या मेजावर पसरला आणि बायकोला वाचून दाखवला. पहिली ओळ : 'पृष्ठ १९ : वीजेती ऐवजी विजेती वाचावे.' दुसरी ओळ : 'पृष्ठ १९ : पथकप्रमुखांच्या नावाऐवजी पुढील नाव वाचावे', आणि पुढे मावशीचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या आणि माहेरच्या आडनावासकट.

"नोकरी जाईल," बायको म्हणाली.

"वाचलं तर जाईल," तंतोतंत म्हणाले.

त्यांचा अंदाज जवळजवळ बरोबर होता. मसुदा सात टेबलांवरून गेला आणि सातही जणांनी फक्त पहिल्या ओळीतली वेलांटी तपासली. आठव्या टेबलावर उपसंचालक होते. त्यांनीही दुसरी ओळ पूर्ण वाचली नाही. फक्त नाव लांबलचक आहे आणि ओळीबाहेर जातंय एवढं त्यांना दिसलं. त्यांनी ते हिरव्या शाईनं खोडून बाजूला शेरा मारला : 'शुद्धिपत्रात व्यक्तिगत नावे नकोत. पदनाम लिहावे.' खाली सही. सहीनंतर बदल करायचा तर फाइल पहिल्या टेबलापासून परत जाते, आणि दुसऱ्यांदा कोणी ना कोणी वाचतंच. तंतोतंतांनी एक पूर्ण दिवस त्या हिरव्या शाईकडे बघत काढला. मग पदनाम लिहिलं.

शुद्धिपत्राच्या वीस हजार प्रती छापून गेल्या. पहिली प्रत घेऊन तंतोतंत कापडबाजारामागच्या गल्लीत गेले. मावशीनं हात पुसून ती चिठ्ठी घेतली. नातीनं तिच्या कोपराखालून डोकं घालून मोठ्यानं वाचलं, "पृष्ठ एकोणीस. पथकप्रमुख ऐवजी सामान-देखरेख मदतनीस, कंसात महिला, असे वाचावे."

"म्हणजे तूच ना आजी?"

"मीच."

"पण नाव कुठंय?"

मावशीनं तंतोतंतांकडे पाहिलं. ते फळीवरच्या शर्टांच्या चळतीकडे बघत होते. त्यांच्या कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला होता आणि ते तो वर करत नव्हते.

"एवढंच करता आलं," ते म्हणाले. "माझा शब्द पुरा नाही झाला. साधारण अर्धा झाला."

'साधारण' हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकला नव्हता. मावशीला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं; तरी तिनं स्टूल पुढे ओढलं. "बसा. अडतीस वर्षं मी गुन्ह्याच्या कागदावर होते. आता चुकीच्या कागदावर आले. म्हणजे वर चढलेच की थोडी." मग जरा थांबून म्हणाली, "पण एक सांगा, यात मी चूक आहे की दुरुस्ती?"

तंतोतंतांनी विचार करून सांगितलं, "उजव्या बाजूला आहात. उजवी बाजू दुरुस्तीची."

नातीनं ती चिठ्ठी शाळेत नेली. बाईंनी ती लक्षपूर्वक वाचली, 'विजेती'ची वेलांटी आता बरोबर झाल्याबद्दल समाधान व्यक्त केलं, आणि चिठ्ठीत आजीचं नाव नसल्यामुळे चार गुण मात्र परत देता येणार नाहीत असं प्रेमानं समजावलं. पदक संचालनालयाच्या मुख्य इमारतीत काचेच्या कपाटात आहे. ते बघायला मावशी एकदा जाऊन आली. कपाटासमोर दहा मिनिटं उभी राहिली, आणि काचेवर डाग होते ते पदरानं पुसून परत आली.

शुद्धिपत्रावरही वाचकांची पत्रं आली. या खेपेला एकशे चार. बहुतेकांचा आक्षेप असा की 'सामान-देखरेख' या शब्दात जोडरेघ हवी की नको याबद्दल नियम स्पष्ट नाही. तंतोतंतांनी सगळी पत्रं वाचली, आवक क्रमांक घालून फाइलला लावली आणि त्यांच्या सवयीप्रमाणे शेवटी एक टिपण लिहून ठेवलं :

'पुस्तिका, शुद्धिपत्र व तत्संबंधी हकिकत आजवर असंख्य सुजाण वाचकांनी अथपासून इतिपर्यंत वाचली आहे. सदर महिलेचे नाव काय, अशी विचारणा त्यांपैकी एकाकडूनही आलेली नाही. आपल्याकडूनही आल्याचे या कक्षाच्या निदर्शनास आलेले नाही.'